दोघांच्या सहलीला बावन्न जण

जावा बेटावरच्या सालातिगा गावात कोणत्या वयाच्या माणसाने कुठे फिरायला जावं याचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत. पण म्हणून ते मोडता येतात असं नाही. लग्न नवं असेल तर बाली. पोरं लहान असली तर प्राणिसंग्रहालय. पोरं कॉलेजात गेली की त्यांची त्यांनी ब्रोमोच्या डोंगरावर जाऊन कुडकुडत सूर्योदय बघायचा आणि आईबापांनी घरी बसून काळजी करायची. गुडघे बोलू लागले की गरम पाण्याचे झरे, आणि पेन्शन सुरू झाली की वलींच्या, म्हणजे संतांच्या, मजारी. त्यानंतर माणूस जिथे जातो तिथलं परतीचं तिकीट मिळत नाही, त्यामुळे त्याची चर्चा कोणी करत नाही. इथे पुरुषाला मानाने 'पाक' म्हणतात आणि बाईला 'बू'. पाक दारसोनोंची पेन्शन दीड महिन्यापूर्वी सुरू झाली होती. आणि त्यांना जायचं होतं बेटावर.

एकतीस वर्षं त्यांनी टपालकचेरीत पत्रांची वर्गवारी केली होती. समोर लाकडी खणांचं भलंमोठं कपाट, एकेका खणावर एकेका गावाचं नाव आणि हातात पत्रांचा गठ्ठा. स्वतः पाक दारसोनो सेमारांग शहराच्या पलीकडे चार-सहा वेळाच गेले होते, तेही कोणाच्या तरी लग्नाला नाहीतर मयताला. पण बोटांनी त्यांनी अख्खा देश पालथा घातला होता. सगळ्यात वरती, डाव्या कोपऱ्यात कारिमुनजावा बेटांचा खण होता. त्यात आठवड्याला जेमतेम सात-आठ पत्रं पडायची. जिथे इतकी कमी पत्रं जातात तिथे माणसंही कमी असणार, आणि जिथे माणसं कमी तिथे कोणी कोणाला 'कुठे निघालात?' असं विचारत नसणार, असं त्यांना हळूहळू वाटू लागलं. दुपारी काम उरकलं की ते पंख्याखाली उभे राहून त्या रिकाम्या खणात बघत राहायचे. आत खरं म्हणजे लाकडाच्या भुशाशिवाय काही नसे. पण पाक दारसोनोंना तिथे पांढरी वाळू दिसायची, हिरवं पाणी दिसायचं, आणि पाण्यात पाय सोडून बसलेली वार्सिती दिसायची. तिच्या शेजारी जागा रिकामी असायची. ते तिथे जाऊन बसणार इतक्यात साहेबांची हाक यायची आणि समुद्र ओसरायचा.

वार्सिती म्हणजे त्यांची बायको. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, आणि या बत्तीस वर्षांत ती दोघं घरात दोघंच अशी कधी नव्हतीच. आधी पाक दारसोनोंची आई होती, शिकायला आलेले दोन धाकटे भाऊ होते, मग तीन पोरं झाली, मग पोरांचे मित्र आले आणि त्यातला एक तर पावणेदोन वर्षं राहिला. शेवटचा मुलगा नोकरीला गेला त्या दिवशी सकाळी टेबलावर दोनच कप दिसले. पाक दारसोनो त्या कपांकडे इतका वेळ बघत राहिले की चहा गार झाला. पण हेही सुख मोजून पाच आठवड्यांचं होतं. जावयाची बदली झाली होती, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मोठी मुलगी एंदाह नवरा आणि दोन मुलांसकट कायमची राहायला येणार होती. लेक येणार याचा आनंद होताच. पण त्या एक तारखेच्या आत, आयुष्यात एकदा तरी, दोन दिवस, बायकोला घेऊन कुठेतरी जायचं, दोघांनीच, असं पाक दारसोनोंनी ठरवलं होतं. हे त्यांनी बायकोला सांगितलं नव्हतं. बत्तीस वर्षांच्या बायकोला असलं काही सांगायला जी हिंमत लागते ती त्यांनी सव्विसाव्या वर्षीही दाखवली नव्हती.

त्यांनी बेटावरच्या एका घरगुती लॉजला फोन केला. खोली होती, पेन्शनीत बसणारी होती, खिडकी समुद्राकडे होती.

"नवरा-बायको आहात ना?" पलीकडून मालकीणबाईंनी विचारलं.

"हो हो."

"मग लग्नाचं पुस्तक घेऊन या. आमच्याकडे त्याशिवाय जोडप्याला खोली देत नाही."

"अहो, आम्ही अठ्ठावन्न वर्षांचे आहोत."

"म्हणून तर विचारते," बाई म्हणाल्या. "तरुण पोरं निदान लाजतात तरी."

लग्नाचं पुस्तक कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होतं. म्हणजे होतं असा समज होता. सरकार एक पुस्तक नवऱ्याला देतं आणि एक बायकोला. वाळवीने कसलाही पक्षपात न करता दोन्ही खाल्ली होती. नवीन प्रत हवी तर धार्मिक व्यवहार कचेरीत अर्ज, अर्जाला गल्लीप्रमुखाची चिठ्ठी. इथंच घोडं पेंड खाणार होतं, पण ते पाक दारसोनोंना ठाऊक नव्हतं.

गल्लीप्रमुख पाक हार्दिमान हे कागदावर प्रेम करणारे गृहस्थ होते. गल्लीत कोणाकडे पाहुणा आला तर नोंद, पाहुणा गेला तर नोंद, कोंबडी हरवली तर नोंद आणि सापडली तर हरकतीची मुदत. त्यांनी शिक्का पुसला, चष्मा लावला आणि विचारलं, "लग्नाचं पुस्तक. बरं. कारण?"

आता आतल्या खोलीत बायकांची भिशी चालली होती. मधे नुसता पडदा. 'बायकोला समुद्रावर न्यायचंय' हे वाक्य पाक दारसोनोंच्या ओठांपर्यंत आलं, पडद्याकडे बघून परत फिरलं. त्यांचे कान लाल झाले.

"कारण... खाजगी आहे," ते म्हणाले.

पाक हार्दिमाननी चष्म्यावरून बघितलं. पडद्याआड एकदम शांतता पसरली. सबंध जावा बेटावर माणूस निवृत्त होतो, हातात फंडाची रक्कम येते, कान लाल करून लग्नाचं पुस्तक शोधतो आणि कारण खाजगी म्हणून सांगतो, तेव्हा त्याचा अर्थ एकच असतो. आत भिशीच्या सर्वेसर्वा बू तुमिनी बसल्या होत्या. गल्लीत कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे त्यांना झाकण काढायच्या आधी कळायचं.

दुसऱ्या दिवसापासून वार्सितीकडे खाऊ येऊ लागला. सकाळी तळलेली केळी, दुपारी सोयाबीनच्या तेम्पेचे काप, तिसऱ्या प्रहरी नारळाच्या दुधातली खीर. आणून देणारी प्रत्येक बाई वार्सितीचा हात जरा जास्त वेळ हातात धरून ठेवायची आणि म्हणायची, "बू, धीर सोडू नका." वार्सितीला वाटलं, नवऱ्याची नोकरी संपली म्हणून म्हणत असतील. तिने धीर सोडला नाही आणि केळीही सोडली नाहीत.

त्या संध्याकाळी मंडळी घरी आली. पाक हार्दिमान, बू तुमिनी आणि कोपऱ्यावर टायर पंक्चरचं दुकान असलेले पाक सिनागा. हे सिनागा सुमात्रा बेटावरच्या बाताक जमातीचे. गल्लीत येऊन त्यांना सात वर्षं झाली होती, पण आवाज अजून सुमात्रातच होता. ते शेजारच्याशी बोलले तरी पलीकडच्या गल्लीतला माणूस 'ओ' द्यायचा. सगळ्यांनी बसून पाऊण तास पावसाविषयी, मग कसाव्याच्या भावाविषयी, मग पुन्हा पावसाविषयी चर्चा केली. मूळ विषयाला सरळ हात घालणं म्हणजे असभ्यपणा. पाक हार्दिमान म्हणाले, "जुनं भांडं पोचे पडलं तरी भात त्यातच चांगला शिजतो." बू तुमिनी म्हणाल्या, "खरंय. आणि नव्या भांड्याला आधी कल्हई लावावी लागते." पाक दारसोनोंना वाटलं, हे भांड्यांची वर्गणी मागायला आले आहेत. ते म्हणाले, "माझ्याकडून दोन घ्या."

"दोन!" बू तुमिनींनी ओढणी तोंडाशी नेली.

सिनागांना हे असह्य झालं. "अहो काय भांडी-भांडी लावलंय मघापासून!" ते गरजले. "पाक दारसोनो, या वयात घटस्फोट कशाला घेताय? बायको एवढी चांगली आहे. आणि दोन-दोन कशाला?"

वार्सिती चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ट्रे पडला नाही, पण कप एकमेकांशी बोलू लागले. पाक दारसोनोंच्या पायाखालची जमीन सरकली. एकतीस वर्षं त्यांनी एक पत्र चुकीच्या खणात टाकलं नव्हतं, आणि आता त्यांचं स्वतःचं आयुष्य भलत्याच पत्त्यावर जाऊन पडलं होतं.

"घटस्फोट नाही हो! सहलीला जातोय! मी... आम्ही... सहलीला!" ते जवळजवळ ओरडले.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. बू तुमिनी रडल्या, मग हसल्या, मग त्यांनी चार केळी खाल्ली. आणि त्या सुटकेच्या भरात, अब्रू वाचल्याच्या आनंदात, पाक दारसोनोंच्या तोंडून ते निघून गेलं.

"चला ना तुम्हीपण!"

आता हे वाक्य काही कोणी मनापासून बोलत नाही. दारात जेवायला बसलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणतो, आणि जाणारा 'होऊ द्या, होऊ द्या' म्हणत पुढे जातो. तो खरंच येऊन मांडी घालून बसला तर भात कोणी कोणाला वाढायचा? तसंच हे. यावर 'तुम्ही जाऊन या, आमच्यासाठी दुवा मागा' एवढंच म्हणायचं असतं. पाक हार्दिमान ते म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात सिनागा म्हणाले:

"येतो!"

खोलीत पाल चुकचुकली.

"कधी निघायचं?" सिनागांनी विचारलं. "मी दुकान बंद ठेवतो. सात वर्षं झाली, या गल्लीत मला कोणी कुठे चल म्हणालं नव्हतं." आणि त्या अवाढव्य माणसाचे डोळे चक्क ओले झाले.

पुढचं काही पाक दारसोनोंच्या हातात उरलं नाही. सिनागा येणार म्हटल्यावर गल्लीप्रमुखांना वगळणं बरं दिसेना, गल्लीप्रमुख येणार तर बू तुमिनींना कसं वगळायचं, आणि बू तुमिनी येणार म्हणजे भिशी येणार. भीड ही भिकेची बहीण म्हणतात; पाक दारसोनोंच्या घरी तर ती अख्ख्या कुटुंबासकट मुक्कामाला होती. ते सकाळी पाव आणायला निघत आणि परत येईपर्यंत सहलीत पाच माणसं वाढलेली असत. वाटेत जो भेटे तो 'ऐकलं बुवा' म्हणून थांबे, आणि मग त्याला 'चला ना' म्हणण्यावाचून इलाज नसे. सिनागांनी नवा पायंडा पाडला होता. आता सगळेच 'येतो' म्हणू लागले.

रात्री स्वयंपाकघरात वार्सितीने विचारलं, "अहो, सहलीचं मला बोलला नाहीत ते?"

"बोलणारच होतो."

"एवढी सगळी माणसं. तुम्हाला आवडतं वाटतं असं?"

पाक दारसोनोंना सांगायचं होतं की मला फक्त तू आणि एक खिडकी हवी होती. त्यांनी घसा खाकरला. तेवढ्यात मागच्या दारातून बू तुमिनी आल्या, प्रवासात भात कशात बांधायचा हे विचारायला, आणि ते वाक्य घशातच राहिलं.

ठिकाण ठरवण्याची सभा पाक हार्दिमानांच्या अंगणात झाली. पाक दारसोनोंनी सगळं बळ एकवटून 'कारिमुनजावा' असा शब्द उच्चारला. लोक हसले. वाईट हेतूने नाही. शाळेतल्या छोट्या मुलाने 'मी राजा होणार' म्हटल्यावर हसतात तसे.

"बेट तरुणांसाठी असतं, पाक," बू तुमिनी समजुतीने म्हणाल्या. "तिथे करायचं काय आपण? पोहायचं? आणि मला बोट लागते. मी बादलीतलं पाणी हललं तरी आडवी होते."

"या वयात मन शांत करणारं ठिकाण हवं," पाक हार्दिमान म्हणाले. "देमाकची मजार. कुदुसची मजार. डोंगरावरची मजार, तिला शेकडो पायऱ्या आहेत."

"पायऱ्या चढल्यावर गुडघ्यांना गरम पाण्याचा झरा हवाच," कोणीतरी मागून म्हणालं.

"पोरांसाठी प्राणिसंग्रहालय," दुसरं कोणी म्हणालं.

सिनागा ख्रिस्ती. त्यांना वाटलं आता आपल्याला घरी ठेवणार. पण पाक हार्दिमान म्हणाले, "तुम्ही बाहेर बसून कुदुसचा सोतो-रस्सा खा." सिनागा म्हणाले, "तीन मजारी म्हणजे तीन वाट्या ना?" आणि एकमत झालं. एकमत झाल्याशिवाय सभा उठत नाही, आणि उठायची सगळ्यांना घाई होती. दोन दिवस, तीन मजारी, एक झरा, एक हत्ती. कोणत्याही वयाला आणि कोणत्याही खिशाला चालेल अशी सहल. फक्त ज्याची होती त्याला ती नको होती.

पाक दारसोनोंनी तरी लग्नाच्या पुस्तकाचा नाद सोडला नाही. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. धार्मिक व्यवहार कचेरीत खिडकीमागच्या मुलीने संगणकावर बघत विचारलं, "कारण निवडा. पेन्शन, वारसा, हज, की घटस्फोट?"

"बेट," पाक दारसोनो म्हणाले. इथे पडदा नव्हता, त्यामुळे जमलं.

"बेट यादीत नाही, पाक."

"मग?"

मुलीने थोडा विचार केला. "'इतर' टाकते," ती म्हणाली, आणि मग हळूच, "आमच्या साहेबांना सांगू नका, पण मला फार आवडलं."

फोटो निळ्या पडद्यासमोर लागतो. पाक दारसोनो आपला सगळ्यात चांगला शर्ट घालून गेले होते, तो नेमका त्याच निळ्याचा निघाला. फोटोत धड नाहीच. निळ्या आभाळात एक गंभीर डोकं तरंगत होतं. वार्सितीचा फोटो मात्र झकास आला होता. नवीन पुस्तकं हातात आली त्या दुपारी ते टपालकचेरीसमोरच्या बाकावर बसून तिचा फोटो बघत राहिले. इतकी वर्षं हा चेहरा आपण गर्दीतच पाहिला, असं त्यांच्या मनात आलं, आणि गर्दीतही तो लगेच सापडायचा. मग त्यांना वाटलं, आज बेटावर भरती असेल.

निघायच्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर गल्लीच्या तोंडाशी बस उभी राहिली. पन्नास आसनं. यादीत बरोब्बर पन्नास नावं. पण कोणाची सासू आदल्या दिवशी आली होती आणि कोणाच्या भाचीला घरी एकटं ठेवता येत नव्हतं. पाक दारसोनोंनी डोकी मोजली. बावन्न.

बॅगा आधीच बसच्या पोटात गेल्या होत्या. पाक दारसोनो यजमान. यजमानाने शेवटी चढायचं असतं. ते आणि वार्सिती दाराशी दोन बाजूंना उभे राहिले आणि येईल त्याला "तुम्ही आधी, तुम्ही आधी" म्हणू लागले. सासू आधी चढली. भाची आधी चढली. पाक हार्दिमान "छे छे, तुम्ही आधी" म्हणाले, पाक दारसोनो "छे छे, तुम्हीच" म्हणाले, आणि अशा सहा छे-छे नंतर पाक हार्दिमान आत गेले. मग आतून ड्रायव्हर म्हणाला, "भरली. उभ्याने कोणाला नेणार नाही."

सिनागा दारात आले. "मी उतरतो," ते म्हणाले. "पाक, ही तुमची सहल आहे. या, माझ्या जागेवर बसा."

त्यांनी एक पाय खाली टाकलाच होता. आणि पाक दारसोनो काय म्हणाले?

"नाही नाही, तुम्ही बसा. आम्ही येतो मागून."

"मागून कशाने?"

"येतो हो. तुम्ही निघा."

बस निघाली. बू तुमिनी खिडकीतून ओढणी हलवत होत्या. वळणावर बसचे लाल दिवे दिसले आणि गेले. तेव्हा पाक दारसोनोंना आठवलं, बॅग त्या बसमध्ये आहे. बॅगेत कपडे, भात, तेम्पे, गुडघ्याचं मलम आणि लग्नाची दोन नवीकोरी पुस्तकं. त्यांचं लग्नसुद्धा देमाकला निघून गेलं होतं.

ती दोघं घरी परतली. पायरीवर बसली. मेरबाबू डोंगरावरून धुकं उतरून गल्लीत आलं होतं, आणि गल्लीत कोणी नव्हतं. कोणाचा रेडिओ नाही, कोणाचा झाडू नाही, कोणी 'कुठे निघालात' म्हणणारं नाही. पाक हार्दिमानांचं कबुतर तेवढं पिंजऱ्यात घुमत होतं. पाक दारसोनोंचा स्वाभिमान इतका दुखावला होता की त्याला बसायला जागा सापडत नव्हती. स्वतःच्या सहलीला स्वतःच्या हाताने बसमध्ये बसवून 'टाटा' करणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"मला मुळात मजारींना जायचंच नव्हतं," ते एकदम बोलले. त्यांचा आवाज भरून आला होता आणि आता तो लपवायला कुठला पडदा नव्हता. "मला तुला न्यायचं होतं. तुला एकटीला. बेटावर. एक तारखेला एंदाह येईल, मग पुन्हा सगळं सुरू. मला वाटलं, एकदा तरी दोघंच."

वार्सिती त्यांच्याकडे वळली.

"मग हे आधी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

"मला वाटलं, तुम्हालाच सगळे बरोबर हवेत. म्हणून मी गप्प. पन्नास माणसांचं आलं किसून बसले मी परवा." ती हसली, मग हसता हसता तिने डोळे पुसले. "बेट तुमचं हो. मला कोणी विचारलं का, की बाई, तुला कुठे जायचंय?"

खरंच, कोणी विचारलं नव्हतं. ड्रायव्हरला विचारलं होतं, सिनागांना विचारलं होतं, सभेत मागे बसलेल्या पाचवीतल्या पोरीलासुद्धा हत्ती हवा का माकड हे विचारलं होतं.

"तुला कुठे जायचंय?" पाक दारसोनोंनी विचारलं.

वार्सितीने उत्तर द्यायला जराही वेळ घेतला नाही. म्हणजे ते कधीचं तयार असणार.

"रावा पेनिंगच्या तळ्यावर. नावेत बसायला."

"रावा पेनिंग? हे इथलं?"

"सहावीत होते. शाळेची सहल गेली होती. नावा भरल्या आणि बाई म्हणाल्या, वार्सिती शहाणी आहे, ती काठावर थांबेल. मी सगळ्यांच्या चपला राखत बसले. चाळीस जोड. पोरी पाण्यातून हात हलवत होत्या, आणि मी पण हलवत होते. नंतर कितीदा त्या रस्त्याने गेले. प्रत्येक वेळी कोणीतरी बरोबर असायचं, आणि घाई असायची."

वडापची निळी गाडी चौकातून लगेच मिळाली. आत ती दोघं आणि एक बाई कोबीच्या टोपल्या घेऊन. सूर्य वर आला तसं धुकं विरघळू लागलं आणि दोन्ही बाजूंची शेतं हळूहळू, एकेक करून, जागी झाली. वार्सिती खिडकीशी बसली होती. वळण आलं की तिचा खांदा पाक दारसोनोंच्या खांद्याला लागायचा, आणि वळण गेल्यावरही तो तिथेच राहायचा. रस्त्याला वळणं पुष्कळ होती. पाक दारसोनोंना ती कमी वाटली.

तळ्यावर पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. जलपर्णीच्या जांभळ्या फुलांमधून एक नाव काठाला लागली होती. म्हातारा नावाडी विडी ओढत होता.

"दहा जणांची नाव आहे, पाक. भरली की निघू."

वार्सितीने चपला काढल्या आणि हातात घेतल्या. तिने एक पाय नावेत टाकला. नाव डुलली, आणि ती लहान मुलीसारखी "आई गं!" म्हणाली. तेवढ्यात मागून माणसांचा आवाज आला. एक कुटुंब उतरत होतं. आजी, नवरा-बायको, मामा, पोरंटोरं. बरोब्बर आठ. भली माणसं दिसत होती. कर्ता पुरुष लवून हसला.

"आम्ही आलो तर चालेल ना, पाक? पटकन भरेल. सगळे मिळून जाऊ."

पाक दारसोनोंनीही लवून स्मित केलं. त्यांचा उजवा हात आपोआप नावेच्या दिशेने पसरला. 'चला ना, तुम्ही आधी' हे शब्द जिभेवर येऊन उभे राहिले. जन्मभराची सवय, त्यांना वाट ठाऊक होती. त्यांनी वार्सितीकडे बघितलं. तिचा एक पाय नावेत होता आणि एक काठावर. तिने नावेतला पाय हळूच उचलायला सुरुवात केली.

"नाही," पाक दारसोनो म्हणाले.

तो माणूस तसाच हसत राहिला, कारण त्याला ते कळलंच नाही.

"नाही," पाक दारसोनो पुन्हा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. "आम्ही दोघंच जाणार. तुम्ही पुढच्या नावेने या." आणि नावाड्याकडे वळून, "दहाच्या दहा जागा आमच्या."

नावाड्याने विडी विझवली. नाव सुटली. जांभळी फुलं बाजूला झाली आणि पुन्हा मागे मिटली. पाक दारसोनो मान वळवून वळवून काठाकडे बघत होते.

"त्यांच्यात आजी होती गं."

"होती."

"वाईट वाटलं असेल त्यांना."

"वाटलं असेल."

"फार पुढे नाही आलो अजून. परत जाऊन घ्यायचं का त्यांना?"

वार्सितीने चपला खाली ठेवल्या. ओला हात त्यांच्या गालाला लावला आणि त्यांचा चेहरा काठावरून आपल्याकडे वळवला.

"बसू दे त्यांना," ती म्हणाली. "मी बसलेच होते ना. आता इकडे बघा."

आणि पाक दारसोनोंनी बघितलं.